सहप्रवासी: लागू नाही

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी तिखटमीठ लावून सांगायला नको. त्या रविवारी तळ्यात सत्तावीस वेळा पडलेले गृहस्थ ते मीच. सत्तावीस हा काठावरच्या लोकांनी मोजलेला आकडा. माझ्या मते चोवीस, कारण तीन वेळा मी स्वतःहून उतरलो होतो. पण काठावर चाळीस माणसं आणि पाण्यात मी एकटा, तेव्हा बहुमत त्यांचंच.

मी तसा पाण्यात पडणाऱ्यांतला माणूस नाही. मी दुरुस्तीच्या खिडकीवर बसतो. लोक सरकारी अर्जात काहीतरी चुकीचं लिहितात, मग ते सुधारून घ्यायला माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना परत पाठवतो. बावीस वर्षं हे काम करतोय. दुरुस्तीच्या अर्जात 'चुकीचे कारण' म्हणून एक रकाना असतो. त्यात लोक काय वाट्टेल ते लिहितात. पेन गळका होता, मागून धक्का लागला, अर्ज मेहुण्यानं भरला. पण 'माझी चूक' असे दोन सरळ शब्द लिहिणारा माणूस बावीस वर्षांत माझ्या खिडकीवर आलेला नाही. घरी जेवताना मी हे बऱ्याचदा सांगतो. बायको म्हणते, "अहो, भाजी घ्या."

तर हे सगळं सुरू झालं लेकीपासून. ती सोळा वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. मी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आमच्या साहेबांची मुलगीही त्याच शाळेत, त्यामुळे साहेब माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. लेक व्यासपीठावर गेली, तीन वाक्यं छान बोलली आणि चौथं विसरली. विसरली ती विसरलीच. मिनिटभर तशीच उभी राहिली आणि खाली उतरली. मी तिला एका शब्दानं बोललो नाही, हे इथं नमूद करतो. घरी येताना मी जरा पुढे चालत होतो, एवढंच.

त्यानंतर घरात तिचं बोलणं आटलं. माझ्याशी तर फक्त 'हो', 'नाही' आणि 'जेवले'. शाळेतल्या बाईंनी स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करशील का विचारलं, तर नको म्हणाली. वर्गात उत्तर येत असलं तरी उठत नाही, असं बाईंनी आईला सांगितलं. बायकोनं मला सांगितलं. मी म्हटलं, वय आहे, होईल नीट. पण रोज ताटावर समोरासमोर बसून 'जेवले' ऐकणं फार जड जातं हो. मी हे कोणाला बोललो नाही, पण जात होतं.

आणि एका संध्याकाळी तिनं माझ्यापुढे एक रंगीत पत्रक ठेवलं. तळ्यावरच्या क्रीडा केंद्राचं. 'नवशिक्यांसाठी जेट स्की. वय सोळा पूर्ण.' तिला सोळावं नुकतंच पूर्ण झालं होतं.

"बाबा, जाऊ या?"

चार महिन्यांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. तिनं विमान मागितलं असतं तरी मी चौकशी केली असती. मी लगेच हो म्हणालो, आणि मग पत्रक उघडून पाहिलं.

त्यात दोन प्रकार होते. एक बसून चालवायची. रुंद, सीट असलेली, जणू पाण्यावरची स्कूटरच. दुसरी उभं राहून चालवायची. अरुंद, सीट नाही, मागे पाय ठेवायला ताटाएवढी जागा आणि पुढे वरखाली होणारा दांडा. पत्रकावर बसणाऱ्या प्रकारात एक हसरं कुटुंब होतं. उभ्या प्रकारात एकटा माणूस होता आणि तो हसत नव्हता. मला त्याचा चेहरा जबाबदार वाटला.

आता मी असा माणूस आहे की पायपुसणं घ्यायचं असलं तरी चार ठिकाणी विचारतो. मी विचारायला सुरुवात केली.

वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांनी उभ्या आयुष्यात तळ्यात पायही घातलेला नाही, पण मत आहे. ते म्हणाले, "बसणं ही सवय आहे आणि उभं राहणं हा संस्कार आहे." मग त्यांनी पाऊण तास बसून मला उभं राहण्याचं महत्त्व सांगितलं.

कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे मी पोहण्याची अर्धी चड्डी शिवायला टाकली, कारण दुकानातल्या तयार चड्ड्यांवर मासे आणि झाडं होती, आणि मी वर्ग तीनचा कर्मचारी आहे. शिंप्यानं टेप गळ्यात टाकून पहिला प्रश्न हाच केला, "बसून का उभं राहून?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"वा, पडतो कसा नाही. बसायचं असेल तर मांडीत सैल ठेवतो. उभं राहायचं असेल तर अंगाबरोबर. आत्ता सांगा. नंतर उसवून देणार नाही."

मी म्हटलं, मधलं काहीतरी ठेव. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खिडकीवरच्या माणसांकडे पाहतो.

डॉक्टरांचा दाखला लागत होता. आमचे डॉक्टर म्हणाले, "उभं राहण्यास सक्षम असं मी लिहिणार नाही. फार तर तपासणीच्या वेळी उभे होते असं लिहितो." तसं त्यांनी लिहिलं. मी तो दाखला जपून ठेवला आहे.

आणि मग मेहुणा आला. माझा मेहुणा एकदा कुठल्याशा सहलीत दहा मिनिटं जेट स्कीवर बसून आला होता. ती दहा मिनिटं तो सहा वर्षं सांगतोय. त्यानं पत्रक हातात घेतलं, सोफ्यावर मांडी घातली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "भावोजी, तुम्ही आपली बसणारी घ्या. उभी तुम्हाला झेपायची नाही. ती चालू असते तोवरच तोल सांभाळते, थांबली की कलंडते. नवशिक्यानं बसूनच सुरुवात करावी. आणि तुमचं बसण्यावर प्रभुत्वही आहे."

बायको हसली. लेकसुद्धा हसली, म्हणजे ओठ जरा हलले. मेहुण्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, हे आज मी कबूल करतो. पण मेहुण्याचं बरोबर असलं की ते पचत नाही. आणि माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजत होतं. ही पोर चारचौघांत उभी राहायला घाबरते. तिच्यासमोर बापानं उभं राहून दाखवलं पाहिजे. कसं उभं राहायचं ते तिला कळलं पाहिजे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला असं काही सुचलं की त्याला कोणीतरी गार पाणी द्यावं. मला नंतर ते भरपूर मिळालं.

"उभीच घेणार," मी म्हटलं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिला विचारलंत का?"

"तिला काय कळतंय त्यातलं?"

शिंप्याला विचारलं होतं. डॉक्टरांना विचारलं होतं. कधी पाण्यात न उतरलेल्या मुख्याध्यापकांना विचारलं होतं. तिला नव्हतं.

क्रीडा केंद्राच्या खिडकीवर मी अर्ज भरला. अर्ज भरावा तो आम्हीच. काळी शाई, सुवाच्य अक्षर, एक रकाना मोकळा नाही. 'प्रकार' पुढे 'उभे राहून' वर बरोबरची खूण केली. त्याखाली 'सहप्रवासी' असा रकाना होता. उभ्या प्रकारात एकच माणूस मावतो, म्हणून मी तिथं सवयीनं लिहिलं, 'लागू नाही.' खाली रेघही मारली. लेक शेजारी उभी होती, पण तिचं लक्ष भिंतीवरच्या फोटोंकडे होतं. खिडकीतल्या माणसानं अर्ज बघून मान डोलावली. इतका स्वच्छ अर्ज त्याच्याकडे आला नसावा. मला बरं वाटलं.

रविवार उजाडला. ऊन छान होतं आणि काठावर गर्दी होती. मी नवीन चड्डी आणि नारिंगी लाइफ जॅकेट घालून बाहेर आलो. शिंप्यानं शेवटी चड्डी अंगाबरोबरच शिवली होती, जरा जास्तच बरोबर. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, दणकट, गळ्यात शिट्टी. त्यांनी मला खालपासून वर पाहिलं आणि उसासा टाकला. तेवढ्यात महिला कक्षातून लेक बाहेर आली.

तिनंही लाइफ जॅकेट घातलं होतं. केस घट्ट बांधले होते, डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा होता. इतकी तयारी तिनं स्पर्धेच्या दिवसानंतर कशासाठी केली नव्हती. ती जेट स्कीकडे गेली, वाकून मागचा भाग पाहिला आणि बाईंना विचारलं, "मी मागे कुठे बसायचं?"

बाई म्हणाल्या, "मागे? अगं, या गाडीवर पुढे बसायलाच जागा नाही, तर मागे कुठली?"

लेक माझ्याकडे वळली. रागावली नाही. 'हो का?' असं म्हणाली, चष्मा कपाळावर सरकवला आणि जॅकेटचे पट्टे सोडायला लागली. एक, दोन, तीन.

तिला बापाच्या मागे बसायचं होतं. एवढंच मागितलं होतं पोरीनं, आणि मी सगळ्या गावाला विचारत फिरलो होतो.

मी तडक खिडकीवर गेलो. "माझ्या अर्जात चूक झाली आहे. बसणारी पाहिजे, दोघांसाठी."

खिडकीतला माणूस अर्ज न बघताच म्हणाला, "खाडाखोड चालत नाही. दुरुस्तीचा अर्ज करा. सात दिवस लागतील."

"अहो, पण समोर तीन बसणाऱ्या रिकाम्या उभ्या आहेत."

"असतील. अर्जावर तुमच्याच हातानं खूण केलेली आहे ना? मग."

यावर मी काय बोलणार? हीच वाक्यं मी रोज बोलतो. 'मग' वर तो जसा थांबला, तसाच मीही थांबतो. चोराच्या उलट्या बोंबा मारल्या नाहीत, एवढं केलं. त्याचं बरोबर आहे असं मीच त्याला म्हणालो आणि परत आलो. लेक काठावर एका दगडावर बसली होती, मांडीवर माझे बूट घेऊन.

"बाबा, जा तुम्ही. मी बघते इथून."

आता निदान उभं तरी राहून दाखवावं, असं मी ठरवलं.

बाईंनी मनगटाला दोरी बांधली. पडलात की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं, म्हणाल्या. आधी पोटावर चढायचं, मग गुडघ्यावर, मग उभं. रेस दिली तरच गाडी वळते, रेस सोडली की हँडल कितीही फिरवा, ती सरळच जाणार. "भीती वाटली की माणूस रेस सोडतो, तुम्ही सोडू नका," असंही त्यांनी दोनदा बजावलं. मी ऐकलं. मला ते पाठ झालं होतं.

पहिल्यांदा मी पोटावर चढण्याच्या आत पडलो. दुसऱ्यांदा चढलो, पण उलट बाजूनं उतरलो. पाचव्या वेळेपर्यंत काठावरची माणसं शांत होती. सातव्या वेळी कोणीतरी मोठ्यानं आकडा म्हटला. दहाव्या वेळी सगळे मिळून म्हणायला लागले. मी गुडघ्यावर यायचो, गाडी पुढे जायची आणि मी होतो तिथंच राहायचो, फक्त खाली. नाकात पाणी, कानात पाणी, आणि काठावरून "पंधरा!" असा समूहस्वर. मुख्याध्यापक म्हणतात तो संस्कार बहुधा लहानपणी करायचा असतो.

एकोणिसाव्या खेपेला मी उभा राहिलो. खरोखर उभा राहिलो हो. चड्डी कुठंतरी टर्रकन वाजली, पण मी उभा होतो आणि गाडी पळत होती. काठावर टाळ्या वाजल्या. मी लेकीकडे पाहायला मान वळवली. परत समोर पाहिलं, तर दोराला बांधलेले लाल गोळे ओलांडून मी पायडलच्या बोटींमध्ये शिरलो होतो, आणि थेट समोरच्या बोटीत, कापडी टोपी घालून, आमचे साहेब पायडल मारत होते. शेजारी त्यांच्या मिसेस.

मला भीती वाटली. मी रेस सोडली. मग हँडल पूर्ण फिरवलं, आणि बाईंनी सांगितलं होतं अगदी तशीच गाडी सरळ गेली.

धक्का फार मोठा नव्हता. तोवर वेग मेला होता. मी कलंडलो, माझ्या पाण्यानं दोघं न्हाऊन निघाले आणि साहेबांची टोपी तळ्यात पडली. मी पोहत जाऊन टोपी आणून दिली, दोन्ही हातांनी. साहेबांनी ती पिळली, डोक्यावर घातली आणि म्हणाले, "उद्या या जरा केबिनमध्ये." मिसेस तोंडावर पदर धरून दुसरीकडे बघत होत्या. काठावर लोक पोट धरून हसत होते.

उरलेल्या आठ पडण्यांचं वर्णन करत नाही. त्यांत नवीन काही नव्हतं. शेवटी बाईंनी शिट्टी वाजवली आणि गाडी ओढत नेली. मी धक्क्याच्या लाकडी खांबाला धरून पाण्यातच थांबलो, कारण चड्डीचं मागून काय झालंय ते मला हातानं कळलं होतं. खांबाच्या वर माणसांचे पाय दिसत होते. तिथंच एका बाईनं हसत हसत विचारलेलं मला ऐकू आलं, "कोण आहे हो हा येडा?"

माझ्या डोक्यावरच लेकीचा आवाज आला. "माझे बाबा आहेत."

मोठ्यानं नाही, पण स्पष्ट. मागेपुढे न बघता.

आता एक गोष्ट राहिली आहे, ती सांगायलाच पाहिजे. स्पर्धेच्या दिवशी लेक व्यासपीठावर गप्प उभी होती, तेव्हा मागच्या रांगेतून एका गृहस्थानं विचारलं होतं, 'कोणाची मुलगी हो ही?' साहेब माझ्याकडे बघत होते. आणि मी कार्यक्रमपत्रिकेत डोकं घातलं, जणू मीही तेच शोधतोय. ती माझी मुलगी आहे हे सांगायला मला एक सेकंद लागला असता. मी ते सांगितलं नाही. चार महिने मी हे स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं. सत्तावीस वेळा पडून जेवढी लाज वाटली नाही, तेवढी त्या खांबाला धरून वाटली. पाण्यात होतो म्हणून बरं, चेहरा ओला असण्याला कारण होतं.

लेकीनं टॉवेल खाली सोडला. तो कमरेला गुंडाळून मी वर आलो. घर वीस मिनिटांवर आहे. रस्त्यात रविवारची गर्दी. मी ओलाचिंब, टॉवेलात, पायांत बूट पण मोजे नाहीत, चालताना पचपच आवाज होतोय. लोक वळून बघत होते.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मी येतो मागून."

"का?"

"लोक बघतायत गं."

"बघू देत." ती माझ्या बरोबरीनंच चालत राहिली. जरा वेळानं, समोर बघतच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पुढे निघून गेलात ना, तेव्हा मला वाटलं घर येतच नाहीये."

मी थांबलो. भर रस्त्यात, टॉवेल धरून.

"आणि मला व्यासपीठावरून सगळं दिसत होतं," ती म्हणाली. "सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही एकटेच खाली बघत होतात. मी तुमच्याकडे बघून आठवायचं असं ठरवलं होतं."

मी सबबी शोधल्या. खोटं कशाला बोलू, शोधल्या. साहेब शेजारी होते, उजेड कमी होता. खिडकीवर रोज ऐकतो तशा सगळ्या तोंडापर्यंत आल्या. मग म्हटलं, "चुकलं माझं."

माझे मोजे तिच्या हातात होते, ते तिनं पिळून टाकले आणि आम्ही बरोबरीनं घरी आलो.

मेहुणा घरी आधीच येऊन बसला होता. काठावरच्या कुणाच्या तरी फोनमधून माझी एकोणिसावी खेप त्याच्यापर्यंत पोचली होती. त्यानं तोंड उघडलं, लेकीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मामानं चहाचा कप तोंडाला लावला. हे असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

कपडे बदलून मी जेवणाच्या टेबलावर दुरुस्तीचा अर्ज घेऊन बसलो. येताना खिडकीवरून मागून आणला होता. काळी शाई, सुवाच्य अक्षर. 'प्रकार: बसून.' 'सहप्रवासी: एक.' मग 'चुकीचे कारण' आलं. रकाना मोठा होता, चार ओळींचा. मी लिहिलं, 'माझी चूक.' बाकीच्या साडेतीन ओळी मोकळ्याच राहिल्या. बावीस वर्षांत मी मोकळी जागा सोडलेला हा पहिला अर्ज.

लेक मागे येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं.

"बाबा, यात एक राहिलंय. चालक कोण ते लिहिलं नाहीत."

"मीच ना."

"आज बघितलं मी," ती म्हणाली, आणि चालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. सहप्रवाशाच्या पुढे माझं. "तुम्ही मागे बसा. आणि मला काही आठवेना झालं तर खाली बघू नका."

मी बरं म्हणालो. आता सात दिवस थांबायचं आहे, नियमच तसा आहे. शिंप्याला चड्डी मांडीत सैल करायला सांगितली, तर तो म्हणतो, मी तेव्हाच विचारलं होतं.